आवर्तसारणीचे तक्ते, पत्ते आणि पीटेबल : मूलद्रव्यांची कुटुंबं शिकायला यातलं काय घ्यावं?

शाळा सुरू व्हायच्या सुमारास स्टेशनरीच्या दुकानात मानवी सांगाडा आणि महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी आवर्तसारणीचा तक्ता टांगलेला दिसतो. शंभर-दीडशे रुपये, लॅमिनेट केलेला, वर-खाली प्लास्टिकची पट्टी. ऑनलाइन ११८ पत्त्यांचे डबे मिळतात. फुकटात पीटेबलसारखी संकेतस्थळं आहेत. दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा धडा आणि पुढे अकरावी-बारावीत गणांची (म्हणजे सारणीतल्या उभ्या स्तंभांची) स्वतंत्र प्रकरणं, एवढ्या कामासाठी यातलं काय उपयोगी पडतं ते इथे तपासलं आहे. कसोटी एकच ठेवली : हे साधन वापरल्यावर, कधी न पाहिलेल्या मूलद्रव्याबद्दल त्याच्या गणावरून अंदाज बांधता येतो का? ब्रोमीन कुठे बसतं हे सगळेच दाखवतात. ते क्लोरीनपेक्षा मवाळ आणि आयोडीनपेक्षा तापट का, हे दाखवणारं साधन शोधावं लागतं.

भिंतीवरचा तक्ता

दुकानदाराला तक्ता पूर्ण उघडून दाखवायला सांगा आणि आधी ११३ चा चौकोन बघा. तिथे निहोनिअम, चिन्ह ‘एनएच’, हवं. त्याजागी ‘यूयूटी’ अशी तीन अक्षरं असतील तर मजकूर २०१६ च्या आधीचा आहे. ११३, ११५, ११७ आणि ११८ या चौघांची नावं त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पक्की झाली. परीक्षेत निहोनिअमवर प्रश्न येणार नाही, हे कबूल. पण ज्याने हा चौकोन सुधारला नाही त्याने बाकीचा तक्ता तपासला असेल, यावर भरवसा कसा ठेवायचा?

मग भाषा. ‘मराठी तक्ता’ म्हणून विकले जाणारे काही तक्ते हिंदीच असतात, फक्त वरचा मथळा बदललेला. ओळखायला सोपं आहे : जस्ताच्या चौकोनात ‘जस्ता’, शिशाच्या चौकोनात ‘सीसा’, लोखंडाच्या जागी ‘लोहा’, आणि गणाच्या जागी ‘समूह’ दिसला की गुंडाळून परत द्या. मुलाच्या पुस्तकात ‘गण’ आणि ‘आवर्त’ (आडवी ओळ) आहे. पहिल्या गणाला पुस्तकात अल्क धातू म्हणतात, तक्त्यावर अल्कली धातू, जुन्या पुस्तकांत क्षारधातू. तिन्ही बरोबर, पण एकाच पोराच्या डोक्यात तिन्ही एकदम घालायची गरज नाही. चांगल्या तक्त्यावर आणखी एक सोय असते : ज्या अकरा मूलद्रव्यांची चिन्हं इंग्रजी नावाशी जुळत नाहीत, त्यांची मूळ नावं बारीक अक्षरात दिलेली असतात. सोडिअमखाली नेट्रिअम, पोटॅशिअमखाली कॅलिअम, शिशाखाली प्लंबम, टंगस्टनखाली वुल्फ्रॅम. ही ओळ नसेल तर सोडिअमचं चिन्ह ‘एन-ए’ का, हे निव्वळ पाठांतर उरतं.

गणांचे क्रमांक १ ते १८ हवेतच. जुने रोमन अंक, म्हणजे पहिला ‘ए’, सातवा ‘ए’ वगैरे, सोबत असतील तर दुधात साखर, कारण ‘ए’ गणांचा जुना अंक म्हणजेच संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या. सातव्या ‘ए’मधल्या क्लोरीनकडे बाहेरच्या कक्षेत सात. फक्त नवे क्रमांक असतील तर १३ ते १८ मधून १० वजा करा, तेच उत्तर येतं. अपवाद हेलिअमचा. ते १८ व्या गणात आहे, पण इलेक्ट्रॉन दोनच. फक्त रोमन अंक असलेला तक्ता मात्र घेऊ नका.

आता खरी अडचण, रंगांची. बाजारातले बहुतेक तक्ते आठ-दहा रंगांत असतात आणि कोपऱ्यात सूची असते : अल्क धातू, अल्कधर्मी मृदा धातू, संक्रामक मूलद्रव्ये, धातुसदृश, अधातू, राजवायू. मूल साहजिकच समजतं की एक रंग म्हणजे एक कुटुंब. पहिल्या दोन गणांत आणि अठराव्यात ते खपून जातं. चौदाव्या गणात गाडी घसरते. कार्बन अधातूच्या रंगात, सिलिकॉन आणि जर्मेनिअम धातुसदृशांच्या, कथिल आणि शिसं तिसऱ्याच. प्रत्यक्षात पाचही जण सख्खे : प्रत्येकाच्या शेवटच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. उलट मधल्या पट्ट्यात, तिसऱ्या ते बाराव्या गणापर्यंत, चाळीस चौकोन एकाच रंगात रंगवलेले असतात, जणू चाळीस जणांचं एकत्र कुटुंब. तिथे दहा गण आहेत. तांबं, चांदी, सोनं हे अकराव्यातले, जस्त, कॅडमिअम, पारा हे बाराव्यातले.

तक्त्यावरचा रंग धातूपणा सांगतो, तीही कामाची माहिती आहे. पण ती धातू आणि अधातू वेगळे करणाऱ्या नागमोडी रेषेने एका फटक्यात सांगता येते. त्यामुळे दोन-तीन फिकट रंग आणि ठळक उभ्या रेषा असलेला साधा तक्ता, दहा भडक रंगांच्या तक्त्यापेक्षा शिकायला चांगला. रंगीत तक्ता घरात आधीच असेल तर काळ्या पर्मनंट मार्करने १, २ आणि १३ ते १८ या आठ गणांभोवती चौकटी काढा. लॅमिनेशनवर शाई टिकते आणि पुढे नको झाली तर स्पिरिटच्या बोळ्याने निघते.

हायड्रोजन सोडिअमच्याच रंगात असेल तर तो तक्ता नापास. हायड्रोजन पहिल्या गणाच्या डोक्यावर बसतो कारण त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन आहे. पण तो वायू आहे, अधातू आहे, आणि क्लोरीनसारखा दोन-दोन अणूंच्या रेणूत राहतो. त्याला वेगळा रंग किंवा थोडी मोकळी जागा देणारा तक्ता प्रामाणिक म्हणायचा.

खालच्या दोन सुट्या ओळींबद्दल (५७ ते ७१ आणि ८९ ते १०३) तक्त्यावर एक वाक्य तरी हवं की त्या सहाव्या आणि सातव्या आवर्तातल्याच आहेत, कागद पुरत नाही म्हणून खाली उतरवल्या. हे न सांगितल्यामुळे ‘आठवं आणि नववं आवर्त’ असं लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी सापडतात.

आकाराचं गणित करून घ्या. २० बाय ३० इंचाच्या तक्त्यात रुंदी ७५ सेंटिमीटर, अठरा स्तंभ, म्हणजे चौकोनाला जेमतेम चार सेंटिमीटर. त्यात फोटोही घातला की चिन्ह नखाएवढं होतं आणि अणुवस्तुमान टेबलावरून वाचता येत नाही. फोटोंचा तसाही उपयोग मर्यादित. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम तिघेही करड्या ढेकळांसारखे दिसतात. फरक तेलात बुडवून ठेवण्यात आहे, आणि तो फोटोत कळत नाही : सोडिअम रॉकेलच्या तळाशी बसतं, लिथिअम त्याच रॉकेलवर तरंगतं, म्हणून त्याला मेणाचा किंवा व्हॅसलीनचा लेप लागतो.

११८ पत्त्यांचा डबा

छपाई सहसा उत्तम, डबा देखणा, वाढदिवसाला द्यायला छान. शिकण्यासाठी मात्र पैसे वाया. एक तर ११८ पैकी निम्म्याहून जास्त पत्ते संक्रामक मूलद्रव्यं, लँथॅनाइड आणि ॲक्टिनाइड (खालच्या दोन सुट्या ओळी) यांचे, म्हणजे दहावीला ज्यांचा संबंधच नाही असे. दुसरं म्हणजे पत्त्यावर गण क्रमांक आणि रंग आधीच छापलेला. मुलाने शोधायचं तेच उत्तर पुढ्यात. मग उरतं काय, तर रंगाला रंग लावायचा खेळ.

पत्ते घरीच करावेत. आठ मुख्य गणांत पहिल्या सहा आवर्तांपर्यंत ४२ मूलद्रव्यं येतात. ए-फोर आकाराच्या जाड कार्डशीटचे तीन बाय तीन तुकडे केले की एका शीटचे नऊ, पाच शीटचे ४५ पत्ते. तीन कोरे उरतात, ते लागणार आहेत, फेकू नका. पुढच्या बाजूला फक्त चिन्ह आणि अणुअंक. मागे कक्षांमधले इलेक्ट्रॉन (क्लोरीनला २, ८, ७), साध्या तापमानाला स्थायू-द्रव-वायू, द्रवणांक, उत्कलनांक, घनता, अणुवस्तुमान. गण क्रमांक लिहायचा नाही. रंग वापरायचा नाही.

पहिला डाव वीस पत्त्यांचा, हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत. अणुअंकाने ओळीत मांडत जायचं, नवी कक्षा सुरू झाली की नवी ओळ. ओळी २, ८, ८, २ अशा पडतात. बहुतेक मुलं इथे एक चूक करतात : दोन इलेक्ट्रॉन म्हणून हेलिअम बेरिलिअमच्या डोक्यावर ठेवतात. लगेच दुरुस्त करू नका. पत्ते उलटे करून दोघांचे द्रवणांक-उत्कलनांक बघायला लावा. बेरिलिअम १,२८७ अंशांना वितळतं, हेलिअम उणे २६९ अंशांना उकळतं. इतकं अंतर एका घरात कसं खपेल? मग कळतं की इलेक्ट्रॉनांची संख्या बघायची ती कक्षा भरली की नाही हे ठरवण्यासाठी. हेलिअमची पहिली कक्षा दोनांतच भरते, म्हणून त्याची जागा निऑनवर.

दुसरा डाव मेंडेलीव्हचा. त्याने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. न सापडलेल्यांसाठी त्याने मोकळ्या जागा सोडल्या आणि त्यांना नावं दिली एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. हा ‘एका’ म्हणजे संस्कृतातला आपलाच ‘एक’, घरातला पुढचा पहिला. १८७५ मध्ये एका-ॲल्युमिनिअम सापडलं, ते गॅलिअम. शोधणाऱ्याने घनता ४.७ सांगितली, मेंडेलीव्ह ५.९ वर अडून बसला, आणि शुद्ध नमुना पुन्हा मोजल्यावर ५.९ भरली.

हाच खेळ घरी करायचा. हॅलोजनांमधून, म्हणजे सतराव्या गणातून, ब्रोमीनचा पत्ता काढून तिथे कोरा ठेवा. क्लोरीन आणि आयोडीनची सरासरी काढून कोऱ्या पत्त्यावर पेन्सिलीने लिहा. अणुवस्तुमान ३५.५ आणि १२६.९, सरासरी ८१.२, खरं ७९.९. द्रवणांक उणे १०१.५ आणि ११३.७, सरासरी ६, खरा उणे ७. उत्कलनांक उणे ३४ आणि १८४, सरासरी ७५, खरा ५९. आकडे थोडे हुकले, पण निष्कर्ष बिनचूक : साध्या तापमानाला ब्रोमीन द्रव असणार. आणि ते आहेच, लालसर तपकिरी, वाफा सोडणारं.

आता सोडिअम काढा. अणुवस्तुमान ६.९ आणि ३९.१ ची सरासरी बरोबर २३.० येते. डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाचं त्रिक (तिघांतल्या मधल्याचं अणुवस्तुमान म्हणजे दोन टोकांची सरासरी) ते हेच. मूल खूश होतं. मग घनता काढायला लावा : लिथिअम ०.५३, पोटॅशिअम ०.८६, सरासरी ०.७०. पत्ता उलटा, तर सोडिअम ०.९७. दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा जास्त! हा डाव सगळ्यात मोलाचा, कारण ‘गणात खाली जाताना घनता वाढते’ हे पाठ केलेलं वाक्य इथे तुटतं. कारण हिशेबात सापडतं. सोडिअमकडून पोटॅशिअमकडे जाताना वस्तुमान १.७ पट होतं. अणुत्रिज्या १८६ वरून २२७ पिकोमीटर, म्हणजे १.२२ पट, आणि तिचा घन १.८ पट. जागा वजनापेक्षा जास्त वाढली, घनता उतरली. छापील डब्यातल्या पत्त्यांनी हा डाव होत नाही, कारण त्यावर कोरी जागा नसते आणि घनता बऱ्याचदा नसतेच.

पीटेबल

मायकेल डाया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे आणि कुटुंबं शिकायला यात एक असं हत्यार आहे जे कुठल्याच तक्त्यात असणं शक्य नाही : तापमानाची सरकपट्टी. तापमान केल्विनमध्ये आहे, म्हणून आधी मुलाकडून २७३ मिळवणं-वजा करणं घटवून घ्या. पट्टी ३०३ केल्विनवर, म्हणजे ३० अंशांवर आणली की पारा आणि ब्रोमीनसोबत सीझिअम आणि गॅलिअम द्रव झालेले दिसतात. आपल्याकडचा उन्हाळा त्यांना पुरतो.

पण एवढ्यावर थांबू नका. फक्त पहिल्या गणावर नजर ठेवून पट्टी हळूहळू वर न्या. सीझिअम ३०२ ला, रुबिडिअम ३१२ ला, पोटॅशिअम ३३७ ला, सोडिअम ३७१ ला आणि शेवटी लिथिअम ४५४ ला वितळतं. वितळणं खालून वर चढत जातं. आता पट्टी पार शून्याजवळ नेऊन सतराव्या गणाकडे बघा. फ्लुओरीन ८५ ला उकळतं, क्लोरीन २३९ ला, ब्रोमीन ३३२ ला, आयोडीन ४५७ ला. इथे सगळं वरून खाली येतं. दोन गण, दोन उलट्या दिशा. धातूंमध्ये अणू मोठा झाला की सगळ्यांना बांधून ठेवणारा इलेक्ट्रॉनांचा गोंद पातळ होतो. हॅलोजनांचे रेणू सुटे, आणि रेणू जितका मोठा तितकी शेजारच्या रेणूशी ओढ जास्त. अभिक्रियाशीलतेचंही असंच : पहिल्या गणात इलेक्ट्रॉन द्यायचा आहे, तो केंद्रापासून लांब असला की लवकर सुटतो, म्हणून खालचे तापट. सतराव्यात इलेक्ट्रॉन घ्यायचा आहे, केंद्र जवळ असलं की ओढ जास्त, म्हणून वरचे तापट. ब्रोमीनचा सुरुवातीचा प्रश्न इथे सुटला.

तक्रार इथेही रंगांचीच. सध्याच्या रंगयोजनेत हॅलोजनांना स्वतंत्र रंग नाही. फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक यांच्यासोबत ‘क्रियाशील अधातू’ या एकाच रंगात आहेत. वर्गीकरण म्हणून चूक नाही, पण कुटुंब शोधणाऱ्या मुलाची फसगत होते. म्हणून सूचीवर बोट ठेवू नका, स्तंभावर ठेवा. इलेक्ट्रॉनांचा टॅब उघडून एकाच स्तंभात वरून खाली जा, शेवटची कक्षा तशीच राहते आणि आतली भरत जाते. रुंद मांडणीचा पर्यायही आहे : खालच्या दोन ओळी वर आपल्या जागी जातात आणि ३२ स्तंभांची सारणी दिसते. तक्त्यावर जे वाक्य लिहिलेलं नसतं ते इथे एका टिचकीत. मोबाइल आडवा धरला तरी चौकोन बारीक होतात, लॅपटॉप असेल तर तोच वापरा.

नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या चित्रफिती

अल्क धातू पाण्यात टाकल्यावर काय होतं ते वाचून कळत नाही, आणि शाळेत सोडिअमचा वाटाण्याएवढा तुकडा काचेच्या आडोशाने दाखवला तरी खूप. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘पीरिऑडिक व्हिडीओज’ मालिकेत सगळ्या ११८ मूलद्रव्यांवर चित्रफिती आहेत, यूट्यूबवर मोफत. भाषा इंग्रजी, बोलणं संथ, दहावीच्या मुलाला बेताचं कळतं. अणुअंकाने बघू नका, गणाने बघा : लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी पत्ता हातात घेऊन अंदाज लिहायचा. हे प्रयोग घरी करायचे नाहीत, सोडिअमचा तुकडा कुठून मिळाला तरी नाही.

खरेदीचं

बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीच्या पुस्तकाची पीडीएफ मोफत आहे. त्यातली सारणी मोठ्या कागदावर छापून घेतली की तक्ता झाला, भाषाही पुस्तकाचीच. दुकानातला तक्ता वरच्या तपासण्यांत बसला तर घ्या, नाहीतर पाच कार्डशीट आणि एक कात्री पुरे. ११८ पत्त्यांचा डबा बारावीच्या विद्यार्थ्याला कदाचित कामाचा, तोही मागे घनता आणि द्रवणांक छापले असतील तर.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा धडा अभ्यासक्रम कमी करताना वगळला गेला. त्या मुलांना अकरावीत एस, पी, डी, एफ खंड (इलेक्ट्रॉन मांडणीवरून पाडलेले सारणीचे चार भाग) एकदम भेटतात. त्यांच्यासाठी तक्ता घेताना १८ स्तंभांचा घेऊ नका, ३२ स्तंभांचा शोधा, आणि नाहीच मिळाला तर पीटेबलची रुंद मांडणी आडव्या कागदावर छापून आणा. वीस पत्त्यांचा पहिला डाव मात्र त्यांच्याकडूनही करून घ्या, हेलिअमची चूक अकरावीतली मुलंही करतात.